मधल्या सहा ओळी

सापळ्यात मादी नसतेच.
रबराच्या बोंडात नुसता तिचा वास,
आणि त्यावर भुलून आलेले नर.
सोमवारी नऊ, मंगळवारी अकरा,
काल चौदा.
वही मी चुलीवरच्या फळीवर ठेवते,
पानांना धुराचा रंग चढलाय.

थांब्यावर कोतवाल बसतो शेपटीची कात्री करून,
त्याच्या परीनं पोट भरतो.
पण हातभर ओळीत मला पाच सापडल्या,
घाट्यात डोकं, बाहेर अर्धं अंग,
रांजणात वाकलेल्या पोरासारख्या.
फुलोऱ्यात निंबोळी अर्क मारला होता.
कडू खाऊन काही गेल्या, काही सोकावल्या.

भोगी चार दिवसांवर.
हडपसरचा सर्जेराव फोनवर म्हणतो,
आदल्या दिवशी जुडी हातातून ओढून नेतील,
दुसऱ्या दिवशी फुकट दिली तरी बघणार नाहीत.
त्याचं खरंच आहे.
सोलाण्याशिवाय भोगीची भाजी म्हणजे
वरातीत नवरा नाही.

हौशीराम पंप पाठीला लावूनच आला.
"एका फवाऱ्यात गार होतील, रंभाकाकू.
परवा उपटा. कुणाला कळतंय?"

मी बाटली उन्हात धरली.
मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, भिंगाखाली हलणारी.
पिवळा त्रिकोण. मग माप. मग
फवाऱ्यापासून काढणीपर्यंतचे दिवस.
बोटांवर मोजले.
भोगी गेली, संक्रांत गेली, किंक्रांत गेली,
तरी बोटं उरलीच.

हौशीरामनं माती चिमटीत घेऊन सोडली.
वारा किल्ल्याकडून विहिरीकडे.
म्हणून किल्ल्याच्या अंगाचे सात गुंठे भोगीचे,
विहिरीच्या अंगाचे सगळे वाळवणीचे,
त्यांना औषध मिळेल, डाळ व्हायला वेळही मिळेल.
आणि मधे सहा ओळी
ना भोगीच्या, ना डाळीच्या,
वाऱ्याची चूक पोटात घ्यायला.
काठीला लाल चिंधी बांधली.

सात गुंठ्यांत मी आणि जाऊ,
साबणाच्या पाण्याचा डबा कमरेला.
हरभऱ्याच्या आंबेनं बोटांच्या चिरा पेटतात.
दुपारपर्यंत डबा हिरवा.
जाऊ म्हणाली, एवढ्या मजुरीत
बाजारातून सोलाणा विकत घेतला असता.
मी हसले नाही, कारण हिशेब बरोबर होता.

मधमाश्या घरी गेल्यावर हौशीराम उतरला.
हातमोजे त्याला तोकडे, अंगठा शिवणीतून डोकावतो.
दुसरी जोडी आणून दिली तेव्हा पंपाला हात लावला.
नोझल तुंबलं. सवयीनं तोंडाकडे नेलं.
मी बांधावरूनच ओरडले.
जुना दातांचा ब्रश शोधेपर्यंत दोघंही गप्प.
त्याचा थोरला भाऊ असाच फुंकर मारायचा.

रात्री त्याचे कपडे वेगळ्या बादलीत.
डबा तीनदा धुतला, पाणी पंपातच,
मग सुईनं भोकं पाडली,
उद्या कुणी त्यात तेल भरू नये म्हणून.

शाळा सुटली की पोरं रस्त्यानं येतात,
चालता चालता एकेक डहाळा उपटत.
वर्षभर मी काही बोलत नाही.
या वेळी चार दिवस चिंधीपाशी घोंगडं टाकून बसले,
आणि किल्ल्याच्या अंगाचे ढाळे
स्वतःच उपटून दिले त्यांना.
एक पोरगी विचारते, त्या बाजूचे गोड असतात का?
म्हटलं, त्या बाजूचे झोपलेत.

टेम्पो दिवे घाटानं उतरला भोगीच्या आदल्या रात्री.
जुड्या लहान, घाट्यांना इकडेतिकडे भोकं.
सर्जेरावनं भाव पाडला, मी पाडू दिला.

परवा त्याचा फोन.
"काकू, एका बाईनं जुडी परत आणली.
सोलताना आत अळी निघाली म्हणे."
मी विचारलं, हलत होती का?
पलीकडे बाजाराचा गलका, हमालांच्या हाका.
मग तो म्हणाला,
"हो. चांगलीच वळवळत होती."
बरं झालं, म्हटलं,
आणि वही खाली काढली.